शिवा, दहावी गोळी कुठं पडली?

शिवा, आज परत खड्ड्यात बसून आलो. तुझ्याच जागेवर. भिंतीला टेकून टेकून तू दगडावर पाठीचा तेलकट डाग पाडून ठेवलास ना, बरोबर त्या डागाला पाठ लावून बसलो. वर खाणीत असलं ऊन की दगडाला हात लावू देत नव्हतं, अन् खाली गारवा. तू म्हणायचास, फुकटचा एसी हाय बे, बिल न्हाई काय न्हाई. आज तो गारवा मला बरा वाटला नाही.

तू गेल्यापासून त्या खड्ड्यात कुणी उतरत नव्हतं. क्लबातली माणसं येतात, लांबूनच बघतात, चहा पिऊन माघारी जातात. शेळ्या चारायला येणाऱ्या बायकांनी गावात सांगितलं की भर दुपारी, चिटपाखरू नसताना, निशाणाच्या चौकटीची कप्पी कुरकुरती. दोर वर-खाली होतो. मी म्हटलं, वारा असेल. त्या म्हणाल्या, भाऊ, पान हालत न्हाई अन् वारा कुठला? शेवटी आपले सुभेदार माझ्या घरी आले. फौजेतून रिटायर झाल्यावर या माणसानं किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून, धारूरच्या डोंगराखालच्या पडीक दगडखाणीत, हा रायफलचा क्लब उभा केला ते तुला ठाऊक आहेच. बसले, पाणी प्याले, अन् म्हणाले, "मधुकरराव, एकदा तुमी बसा. तुमी बसलात की बाकीचे बसतील. न्हाईतर मला कुलूप लावावं लागंल."

मी हो म्हटलं. क्लबासाठी नाही, खोटं कशाला बोलू. माझ्या गळ्यात एक गोष्ट अडकून बसली होती. त्या दिवशी माझ्या शेवटच्या गोळ्या सुटत होत्या तेव्हा तू जिवंत होतास का? अन् जिवंत होतास, छातीत कळ येत होती, तर शेजारी पडलेलं लाल फडकं वर का केलं नाहीस? फडकं दिसलं की गोळीबार थांबतो, हे नियम शिकताना सगळ्यात पहिल्यांदा शिकवलं होतं आपल्याला. एक फडकं, शिवा. मी रायफल टाकून पळत आलो असतो. गुडघे गेले तेल लावत, पळत आलो असतो.

लोकांना वाटतं, म्हाताऱ्यांना बंदुकीचं खूळ लागलं. आमची ही तर अजून म्हणते, लोकं म्हातारपणी जपमाळ धरतात, तुमी रायफल धरली. पण मला ठाऊक आहे तू तिकडं का आलास. तुला पोरांनी दुकानातल्या काट्यावरून उठवलं होतं. वाईट वागले नाहीत, शहाणी पोरं आहेत तुझी, पण दुकान त्यांनी नवं केलं, आकड्यांचा काटा आणला, अन् तुझी सवय काही जाईना. डाळ जोखून झाली की पुडी बांधायच्या आधी वर एक मूठ टाकायची. तुझ्या बापाची सवय, तुझ्या आज्याची सवय. वरची मूठ टाकल्याशिवाय पुडी बांधणं तुझ्या हाताला जमायचंच नाही. पोरं म्हणाली, अप्पा, तुमी आता गादीवर बसा नुसतं, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोला. तू दोन दिवस बसलास अन् तिसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर आलास. म्हणालास, मला दुकानातच पाव्हणा करून टाकलं बे.

अन् माझं काय वेगळं होतं? सारी नोकरी एसटीत कंट्रोलर. भोंग्यावर गाडी सांगायची अन् फलाटाकडं डोळे. रिटायर झालो तरी दुपारी झोपेत मी गाड्या सांगायचो म्हणे. मग एका सकाळी आपण दोघं घाटाकडं फिरायला गेलतो, खाणीतून आवाज आला, बघायला वळलो, अन् सुभेदारांनी आपल्याला बघून सतरंजी टाकली. "बघता काय, पडा पालथे." पालथं पडायला जमलं. उठायला दोन माणसं लागली. तू एवढा हसलास की सुभेदारांनी रायफल आधी काढून घेतली अन् मग तुला उठवलं.

परवाने, फोटो, डॉक्टरचा दाखला, पोलीस ठाण्याच्या चकरा, यातच वर्ष गेलं. तोवर आपण गोळी न भरता कोरडा सराव करायचो. श्वास अर्धा सोडायचा अन् धरायचा, नळीवरची माशी निशाणातल्या काळ्या गोलाच्या खाली टेकवायची, चाप ओढायचा नाही, दाबत जायचं. तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर होता, हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणतो.

तीनशे मीटर लांब ती चौकट. आपल्या दोघांचीही मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, दुर्बिणीत उन्हाच्या झळा नाचायच्या, भोक काही दिसायचं नाही. म्हणून सगळा भरवसा खड्ड्यातल्या माणसावर. चौकटीखाली मातीच्या जाड बांधाआड माणूसभर खोल खड्डा, त्यात एकानं बसायचं. डोक्यावरून गोळी गेली की दोर ओढून चौकट खाली घ्यायची, मागच्या भोकावर खळीनं कागदाची चिकटी लावायची, नव्या भोकात खुणेची चकती खोचायची, चौकट वर चढवायची, अन् दांड्याच्या थाळीनं दाखवायचं, इथं पडली. हुकली तर थाळी दोनदा आडवी फिरवायची. एकानं मारायचं, एकानं दाखवायचं. मारणाऱ्याला कळतंच नाही काय झालं, दाखवणारा सांगेल ते खरं.

तू मधल्या काळ्यात पडली की थाळी एकदा गरकन फिरवायचास. नियमात नव्हतं ते. सुभेदार ओरडायचे, शिवाप्पा, ही काय जत्रा हाय का! तू ऐकलं असशील तर शपथ. अन् खरं सांगू का, मी इकडं सतरंजीवर पडलेलो, कमर मोडलेली, घाम डोळ्यात, अन् तिकडं झळांमध्ये ती थाळी गरकन फिरली की मला पुन्हा पंचविशीतलं झाल्यासारखं वाटायचं. हे बी सांगायचं राहून गेलं.

खड्ड्यात बसायची तुला मात्र माझ्यापेक्षा जास्त आवड. मला ते आवडायचं नाही. डोक्यावर सटकन फटका वाजतो, हवा फाटल्यासारखा, अन् मग मागून लांबून बंदुकीचा आवाज येतो. पहिल्यांदा मी खाली बसूनच राहिलो होतो, चौकट ओढायची विसरलो. तू घरी येताना मोटरसायकलवर मागं बसून कानात सांगितलंस, "गोळी आधी येती बे, आवाज मागून. मरणाचं बी तसंच आसंल बघ. माणूस पुढं जातो, अन् त्याचा आवाज मागं येत ऱ्हातो." मी म्हटलं, गप बस, गाडी चालवू दे. तू घाट उतरेपर्यंत गप्प बसलास. तुझ्यासारखा माणूस घाटभर गप्प बसला, ते मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

आता आपला वाद. तो तर तू अर्धवट टाकून गेलास.

थंडीच्या दिवसातली गोष्ट. मी चाप दाबता दाबता खोकलो. गोळी कुठं गेली असेल ते मला खांद्यातच कळलं, ती काही काळ्याच्या आसपाससुद्धा नव्हती. अन् तिकडून चौकट वर आली, थाळी बरोबर मध्ये, गरकन. माझं डोकंच फिरलं. चहाच्या टपरीवर मी तुला सगळ्यांसमोर धरलं. आयुष्यभर मी न आलेली गाडी आली म्हणून कधी सांगितली नाही, अन् तू मला न पडलेली गोळी पडली म्हणून दाखवतोस? तू बशीतला चहा फुंकत होतास. "पडली म्हटलं तर पडली. कावून डोकं खायलास बे?" मी म्हटलं, खरं सांग. तू बशी खाली ठेवलीस अन् म्हणालास, तुजी ती गाडी, माजं हे दुकान. बस एवढंच. ना हो, ना नाही.

मी बोललो ते तुला लागलं. म्हटलं होतं, मला तुझं झुकतं माप नको, भीक नको, उद्यापासून खड्ड्यात बसू नको. दोन-तीन आठवडे आपण बोललो नाही. बाजारात समोर आलास तर मी कांद्याच्या ढिगाकडं बघायचो. मग एका सकाळी तू ओट्यावर आलास. बसला नाहीस. सदऱ्यात हात घातलास, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलंस, अन् म्हणालास, "लिंगाची शपथ, मध्या. जीव हाय तवर जे पडलं तेच दाखवीन." मग खाली बसलास अन् चहा मागितलास. मी घरात दोन कप सांगितले. तेव्हापासून तू मला इतक्या वेळा थाळी आडवी फिरवून दाखवलीस की मीच कंटाळलो. माझा नेम किती खराब आहे ते मला त्यानंतर कळलं.

सुभेदारांनी एक पद्धत घातली होती. दहाच्या दहा गोळ्या काळ्यात गेल्या की खाणीच्या भिंतीवर चुन्यानं नाव लिहायचं. भिंत कोरीच होती. मला ते नाव पाहिजे होतं, शिवा. काय सांगू किती पाहिजे होतं. नातवंडांना आणून दाखवायचं होतं. तू हसायचास, म्हणायचास, तुझं नाव एसटीच्या भोंग्यात विरून गेलं, म्हणून आता दगडावर पाहिजे तुला.

त्या दिवशी तू खड्ड्यात उतरताना मागं वळून बघितलंस. नेहमी बघत नव्हतास. कानामागं पेन्सिल, डोक्याला उपरणं, हातात खळीचा डबा. वारा बिलकूल नव्हता, झळासुद्धा सरळ वर चढत होत्या. पहिली काळ्यात. दुसरी काळ्यात. गरकन, गरकन. पाच-सहा झाल्यावर तिकडून चौकट खाली गेली ती लवकर वर येईना. मी दुर्बिणीतून बघत होतो. बांधावर तुझ्या थाळीची कड तेवढी दिसत होती, स्थिर. झळांमध्ये सगळं हालतं, बांध हालतो, डोंगर हालतो, पण ती कड हालत नव्हती. सुभेदार म्हणाले, पाणी पीत आसतील. मग चौकट वर आली. अन् त्यानंतर खुणा झटझट येऊ लागल्या. इतक्या झटझट तू कधी दाखवत नव्हतास. गोळी सुटते न सुटते तोच चौकट खाली, वर, थाळी, गरकन. मला बरं वाटलं. मी म्हटलं, गडी रंगात आलाय.

नववी काळ्यात. मग दहावी. मी श्वास धरला, जास्तच धरला, डोळ्यापुढं अंधारी आली अन् चाप दाबला गेला. माझ्या खांद्याला काहीच कळलं नाही. चौकट खाली गेली. वर आली. थाळी बरोबर मधोमध, अन् गरकन. एकदा नाही, दोनदा. सुभेदार नाचायचेच बाकी होते. मला उचलून उभं केलं त्यांनी. आम्ही दोघं तुला हाका मारत होतो. तू वर आला नाहीस.

तू भिंतीला टेकून बसलेला होतास. उजवा खांदा जरा खाली, मान डावीकडं, चष्मा नाकावर. थाळीचा दांडा मांडीवर. उजव्या मुठीत पेन्सिल. लाल फडकं तुझ्या डाव्या मांडीला लागूनच पडलं होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती. मी तुझा हात धरला, शिवा, अन् सोडून दिला. भर उन्हाळ्यात असला गार हात मी कधी धरला नव्हता. बोटं पेन्सिलीवर आवळलेली, सुटेनात.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तुला बघितलं. कधी गेले, विचारलं. मी म्हटलं, आत्ताच, आम्ही तिथून सरळ घेऊन आलो. ते नाही म्हणून मान हलवायला लागले. "काका, यांना जाऊन बराच वेळ झालाय." मी सांगितलं, अहो, हा मला आत्तापर्यंत खुणा दाखवत होता, शेवटची तर डोळ्यांनी बघितली. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, सुभेदारांकडं बघितलं. सुभेदार बाहेर येऊन म्हणाले, उन्हातून गारव्यात अंदाज चुकतो, पोरगं नवीन हाय, मनावर घेऊ नका. पंचनामा झाला, तपासणी झाली, छातीचंच निघालं. वेळेचं परत कुणी काढलं नाही. मीही नाही. पण रात्री पडलो की तीच थाळी दिसायची, झटझट वर येणारी.

रुद्रभूमीत तुला बसवून नेलं. तुमच्या लिंगायतांत बसवून पुरतात हे मला ठाऊक होतं, बघितलं नव्हतं कधी. खड्डा खणलेला, त्याच्या भिंतीत कोनाडा, त्या कोनाड्यात तुला बसवला. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर तुझं लिंग, वर बेलाची पानं. स्वामी मंत्र म्हणत होते. अन् तू कसा बसला होतास सांगू का? उजवा खांदा जरा खाली, मान डावीकडं. दोघं जण तुला सरळ करत होते अन् तू परत तसाच होत होतास. मी वर उभा होतो, तू खाली खड्ड्यात, अन् मला वाटलं आता हा हात वर करून दाखवणार. माती टाकताना मी डोळे मिटून घेतले. भ्यालो होतो, काय लपवायचंय तुझ्यापासून.

वहिनींनी नंतर मला आत बोलावलं. सारखं एकच विचारत होत्या, भाऊजी, पेन्सिल हातात होती म्हणजे काही लिहिणार होते का? सदऱ्याचे खिसे, खळीचा डबा, चष्म्याचं घर, सगळं बघून झालं होतं त्यांचं. कुठं काही नव्हतं. मग ती पेन्सिल त्यांनी माझ्या हातात दिली, टोक मोडलेली. म्हणाल्या, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, हितं नातवंडं कानात घालतील. मी सहज तुझ्या शपथेचं काढलं. त्या म्हणाल्या, लिंगाची शपथ त्यांनी जन्मात दोन-तीनदा घेतली आसंल. मोडली न्हाई कधी.

तर आज मी खाणीत गेलो. भिंतीवर चुन्यानं माझं नाव लिहिलेलं. सुभेदारांनी मला न विचारता लिहिलं, मोठ्या अक्षरात, वळणदार. कौतुकानंच लिहिलं. मी खड्ड्यात उतरलो. आम्ही तुला घेऊन निघालो तेव्हा चौकट वर होती, चकती मधोमध खोचलेली. मला पक्कं आठवतंय, कारण खालून वर बघताना ती चकती आभाळात टांगल्यासारखी दिसली होती. आज चौकट खाली होती. बसल्याजागी हात पोचेल, इतकी खाली. दोर खुंटीला नीट गुंडाळलेला, तू गुंडाळतोस तसा, दोन वेढे अन् आडवी गाठ. मी सुभेदारांना हाक मारून विचारलं, कुणी उतरलं होतं का. ते म्हणाले, देवाशप्पथ कुणी न्हाई.

मी बसलो. खळीचा डबा तिथंच, वर साय धरून वाळलेला. मी चौकटीकडं बघितलं. काळ्यात नऊ चिकट्या, वाकड्यातिकड्या, तुझ्याच हातच्या, चारी कोपरे कधी सरळ लागले नाहीत तुझे. मध्ये चकती. म्हणजे दहावी. मी चकती ओढून काढली. भोक गोल, नेटकं, काठाला करडं. गोळीचं असतं तसंच. मग मी चौकटीच्या मागं हात घातला.

कागदाच्या मागं गोणपाट असतं, तूच चिकटवायचास. गोळी कागदातून जाते तशी गोणपाटातूनही जाते. नऊ ठिकाणी बोट आत गेलं. दहाव्या ठिकाणी गेलं नाही. गोणपाट जसंच्या तसं. मी पुढून परत त्या भोकाकडं बघितलं, अन् माझा हात आपणहून खिशात गेला. तुझी मोडक्या टोकाची पेन्सिल काढली, भोकात घातली. बरोबर बसली. शिशाचं तुटलेलं टोक अजून गोणपाटाच्या धाग्यात अडकलेलं होतं.

दहावी हुकली होती. कागदाला शिवलीसुद्धा नाही ती. डोंगरात गेली कुठंतरी. तू पेन्सिलीनं भोक पाडलंस, चकती खोचलीस, चौकट वर चढवलीस, अन् थाळी दोनदा फिरवलीस. पुडी बांधायच्या आधी वरची मूठ.

मी तिथं तसाच बसून राहिलो. रडलो का? रडलो. त्या गारव्यात, तुझ्या डागाला पाठ लावून, पोरासारखा रडलो. तू नव्हतास असं मी स्वतःला समजावत होतो. डॉक्टर बरोबर होते, तू आधीच गेला होतास, वर-खाली होत होतं ते दुसरंच काहीतरी होतं, असं मी रोज रात्री मनाला सांगायचो. भूत असलेलं मला चाललं असतं, शिवा. भूत असतं तर तू कळ सोसत माझ्या नावासाठी बसून राहिला नसतास. अन् आता तर कळलं की तो तूच होतास. न पडलेली गोळी पडली म्हणून दाखवणारं दुसरं कोण आहे या जगात? कुठल्या भुताला माझी पडलीय?

मग वहिनींचं बोलणं आठवलं. मोडली न्हाई कधी. अन् त्याच्या मागं तुझा आवाज, ओट्यावरचा. जीव हाय तवर जे पडलं तेच दाखवीन. जीव हाय तवर. तसं म्हणालास तू, मी तेव्हा लक्षच दिलं नव्हतं. जिवंत असतास तर थाळी दोनदा आडवी फिरवली असतीस, माझ्या नावाचं वाटोळं करून टाकलं असतंस, मला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे दहाव्या वेळी तुझ्यावर शपथ उरली नव्हती. सहावी-सातवीलाच तू निघून गेला होतास, जेव्हा ती कड हालत नव्हती. तुला काही सोसावं लागलं नाही. अन् मग तू तिथंच बसून राहिलास, गार हातानं. मी हाच अर्थ धरून बसलोय. दुसरा मला पेलत नाही.

वरून सुभेदारांनी शिट्टी वाजवली. मी खळ पाण्यात कालवली, चिकटी फाडली, अन् तुझ्या भोकावर लावली. सरळ लावायला गेलो, वाकडी लागली. दोर सोडला, चौकट वर गेली. डोक्यावर सटकन फटका वाजला, अन् मागून आवाज आला. सुभेदारांनी पाच मारल्या, मी पाचही खऱ्या दाखवल्या. एक हुकली, तीही दाखवली. तिसरीच्या वेळी मी दोराला हात घालायच्या आधीच दोर खाली सरकला. मी चिकटी लावली. म्हटलं, असेल.

वर आलो तर क्लबातली माणसं लांब उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती. सुभेदारांनी विचारलं, मधुकरराव, खाली काही दिसलं का? मागं भिंतीवर माझं नाव ऊन खात होतं. मी एसटीच्या भोंग्यावर उभा राहिलो ती सगळी वर्षं माझ्या पाठीशी होती. एक शब्द बोललो असतो तर नाव पुसलं गेलं असतं, अन् त्याच्याबरोबर तुझं इमानही. मी म्हटलं, "काही न्हाई. सगळं बरोबर हाय." न आलेली गाडी मी पहिल्यांदा आली म्हणून सांगितली, शिवा, अन् माझी जीभ अडखळली नाही.

उद्यापासून खड्ड्यात बसायला दोघं तयार झालेत. क्लब चालेल. पेन्सिल माझ्या कानामागं आहे, आमची ही हसते मला. अन् तुझ्यामाझ्यातला तो वाद, टपरीवरचा, तो आज मिटला. तू मला झुकतं माप द्यायचास. मी म्हणत होतो तेच खरं निघालं. जिंकलो मी. आता हे कुणाला सांगू बे?